कुळांचे कैवारी मायकल डेव्हिट



निवडणूक जवळ आली की धर्मगुरूंना हमखास विचारले जाते, फादर, या वेळी कुणाला? काहींना वाटते, फादरांनी सरळ नाव सांगून मोकळे व्हावे. काहींना वाटते, त्यांनी मिस्सा अर्पावी, आजाऱ्यांना भेटावे आणि बाकीच्या भानगडीत पडू नये. या प्रश्नाचे उत्तर आम्ही या पानावर देणार नाही. त्याऐवजी आज एका माणसाचे चरित्र सांगतो. त्याचे राजकीय आयुष्य कधी धर्मगुरूंच्या पाठिंब्याने घडले, तर कधी त्यांच्यामुळेच अडचणीत आले, आणि तरीही तो कॅथलिक म्हणूनच जगला व कॅथलिक म्हणूनच मेला. त्याचे नाव मायकल डेव्हिट. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत हे नाव अजूनही आदराने घेतले जाते.

मायकलचा जन्म २५ मार्च १८४६ रोजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यातील स्ट्रेड या खेड्यात झाला. २५ मार्च म्हणजे देवदूताने पवित्र मरियेला निरोप दिला त्या सणाचा दिवस. पण त्या वर्षी मेयोमध्ये सण साजरा करावा असे काही उरले नव्हते. आदल्या वर्षी बटाट्यावर रोग पडला होता. आयर्लंडचा गरीब शेतकरी धान्य पिकवी ते जमीनदाराचा खंड भरण्यासाठी आणि बटाटा लावी तो घरी खाण्यासाठी. त्यामुळे बटाटा गेला आणि ताट रिकामे झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथीने मेली, आणखी जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्याची गलबते इंग्लंडला जातच होती.

कूळ, खंड, बेदखली हे शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगायला नकोत. कित्येकांच्या घरी कुळकायद्याचे जुने कागद अजून ट्रंकेत असतील. तिथल्या कुळाची स्थिती अशी होती की बहुतेकांना लेखी करार नसे, जमीन वर्षावर्षाच्या बोलीवर असे. कुळाने बांध घातला, दगड वेचून रान सुधारले, तर पुढच्या वर्षी खंड वाढे. खंड थकला की शिपाई आणि मजूर येऊन घराचे छप्पर उतरवीत, म्हणजे माणसे रात्री परत आत शिरायला नकोत. १८५० साली खंड थकल्यामुळे डेव्हिट कुटुंबाच्या घरावर हीच पाळी आली. मायकल तेव्हा चार वर्षांचा होता.

ते कुटुंब स्विनफर्डच्या सरकारी गरीबखान्यात गेले. तिथला नियम असा की तीन वर्षांवरील मुलग्यांना आईपासून वेगळे ठेवायचे. आई कॅथरीन हिने तो नियम ऐकला आणि पोरांना घेऊन ती तशीच बाहेर पडली. आत निदान पेज मिळाली असती, बाहेर काहीच नव्हते. तरीही ती बाहेर पडली. मायकल डेव्हिट यांच्या पुढच्या आयुष्यातील हट्टीपणा कुठून आला हे शोधायला आम्हांला फार दूर जावे लागत नाही.

समुद्र ओलांडून ही मंडळी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात हॅसलिंग्डन या गिरण्यांच्या गावी पोहोचली. नवव्या वर्षी मायकल सूतगिरणीत कामाला लागला. १८५७ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मोठ्या मुलाने चालवायच्या यंत्रावर त्याला उभे केले गेले. त्याचा उजवा हात दातेरी चाकांत सापडून चिरडला आणि कापून टाकावा लागला. नुकसानभरपाई म्हणून एक पैसाही मिळाला नाही.

आता गिरणीला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून तो शाळेत गेला. जॉन डीन नावाच्या स्थानिक गृहस्थांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली, आणि ती केली मेथडिस्ट पंथाच्या शाळेत. आयरिश कॅथलिक पोर, प्रॉटेस्टंट शाळा, प्रॉटेस्टंट शिक्षक. त्या काळी दोन्ही बाजूंचे लोक यावर कुरकुरले असते. पण डेव्हिट यांच्या राजकारणात धर्मद्वेषाचा कडवटपणा आयुष्यभर शिरला नाही याचे श्रेय आम्ही त्या शाळेलाही देतो. पंधराव्या वर्षी तो गावच्या पोस्टात लागला. पोस्टमास्तरांचा छापखानाही होता, तिथे एका हाताने खिळे जुळवायला शिकला. संध्याकाळी कामगारांच्या वाचनालयात इतिहास वाचू लागला.

इतिहास वाचणारा तरुण आयरिश माणूस त्या काळी कुठे जाई? १८६५ साली डेव्हिट फेनियन या गुप्त क्रांतिकारी संघटनेत सामील झाले. सशस्त्र बंड करून इंग्रजांना घालवायचे हा तिचा मार्ग होता. रोमने जानेवारी १८७० मध्ये या संघटनेचा नाव घेऊन निषेध केला. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर शस्त्रांची वाट पाहत असताना डेव्हिट पकडले गेले. शिक्षा झाली १५ वर्षे सक्तमजुरीची. एका हाताच्या कैद्याला डार्टमूरच्या तुरुंगात दगड फोडावे लागले, जनावरासारखे गाडीला जुंपून घेऊन ओढावे लागले, सडक्या हाडांचा भुगा करावा लागला. साडेसात वर्षांनी, डिसेंबर १८७७ मध्ये, त्यांची सशर्त सुटका झाली.

तुरुंगात त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती. गुप्त कट करणारे लोक देशाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत, पण मेयोच्या कुळाच्या मनात रात्रंदिवस एकच विचार असे, तो म्हणजे पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे राहील का. पोटाचा आणि देशाचा हे दोन प्रश्न जोवर वेगळे, तोवर शेतकरी हलणार नाही. आणि हलायचे तर रात्री बंदूक घेऊन कशासाठी, दिवसाढवळ्या हजारोंच्या संख्येने का नाही? सेमिनरीत आम्हांला साधन आणि साध्य यांचा भेद शिकवला गेला. डेव्हिट तो दगड फोडताना शिकले, असे म्हणावेसे वाटते.

सुटल्यावर ते अमेरिकेला जाऊन तिथल्या आयरिश पुढाऱ्यांना भेटले आणि परत मेयोला आले. १८७७ पासून हवामान खराब, पिके बुडालेली, अमेरिकेहून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे भाव पडलेले. पुन्हा १८४६ होणार अशी भीती सगळीकडे होती. आणि इथे धर्मगुरू या कथेत प्रवेश करतात, तेही चुकीच्या बाजूने. मेयोच्या आयरिशटाउन या गावाजवळील एका इस्टेटीचा कारभार कॅनन जेफ्री बर्क या धर्मगुरूंकडे होता. खंड थकलेल्या कुळांना हुसकावण्याची तयारी तिथे चालली होती. डेव्हिट यांनी स्थानिक वृत्तपत्राचे संपादक जेम्स डेली यांच्यासह २० एप्रिल १८७९ रोजी तिथे सभा भरवली. स्वतः ते हजर नव्हते, पण आखणी त्यांची होती. हजारो शेतकरी आले, काही घोड्यांवर बसून रांगेत आले. सभेनंतर बेदखली थांबली आणि खंडही कमी झाला. आयर्लंडच्या जमीनचळवळीचा पहिला विजय एका धर्मगुरूच्या विरोधात मिळाला, हे आम्ही लपवणार नाही. इस्टेट नातेवाइकांची होती, ते फक्त व्यवस्था पाहत होते असे म्हणून त्यांची बाजू मांडता येते. पण ज्या शेतकऱ्याचे छप्पर उतरणार होते त्याला या भेदाचा काय उपयोग?

जून महिन्यात वेस्टपोर्ट येथे दुसरी मोठी सभा ठरली. ट्यूमचे वृद्ध आर्चबिशप जॉन मॅकहेल यांच्या नावाने सभेचा निषेध करणारे पत्र वृत्तपत्रात आले. तरीही सभा झाली आणि संसदेतील तरुण पुढारी चार्ल्स पार्नेल तिथे बोलले. पार्नेल स्वतः जमीनदार आणि प्रॉटेस्टंट. ऑगस्टमध्ये कॅसलबार येथे मेयोची लँड लीग आणि २१ ऑक्टोबर १८७९ रोजी डब्लिनमध्ये राष्ट्रीय लँड लीग स्थापन झाली. पार्नेल अध्यक्ष झाले, डेव्हिट चिटणीसांपैकी एक. कामाचा भार कुणावर पडला हे सांगायला नको. थोड्याच दिवसांत गावोगावचे धर्मगुरूही लीगमध्ये आले; कित्येक शाखांचे अध्यक्ष तेच झाले. आपलीच माणसे रस्त्यावर येताना पाहून ते घरात कसे बसणार?

त्यांपैकी एकाने जगाला एक शब्द दिला. १८८० च्या शरद ऋतूत लाफ मास्क सरोवराकाठी लॉर्ड अर्न यांचे कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांनी कुळांना काढायचे ठरवले. लोकांनी त्यांना हातही लावला नाही. फक्त त्यांच्या शेतावर कुणी कामाला गेले नाही, दुकानदाराने माल दिला नाही, धोबिणीने कपडे घेतले नाहीत, टपाल कुणी पोहोचवले नाही. शेवटी उत्तरेकडून ५० मजूर आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य आणून पीक काढावे लागले. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट सरकारचा खर्च झाला आणि डिसेंबरमध्ये बॉयकॉट देश सोडून गेले. या प्रकाराला नाव काय द्यावे असा प्रश्न अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांना पडला. तेव्हा नील गावचे धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी सुचवले की बोजड इंग्रजी शब्द आपल्या शेतकऱ्यांना कळणार नाही, सरळ बॉयकॉट करणे म्हणावे. पंचवीस वर्षांनी, १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर, हाच शब्द आपल्याकडे आला. लोकमान्य टिळकांनी पुरस्कारिलेल्या चतुःसूत्रीतील बहिष्कार तो हाच.

फेब्रुवारी १८८१ मध्ये डेव्हिट यांची सशर्त सुटका रद्द झाली आणि ते पुन्हा तुरुंगात, आता पोर्टलंड येथे. तिथे त्यांनी एक काळा पक्षी पाळला आणि त्याला उद्देशून व्याख्याने लिहावी तसे आपले विचार लिहून काढले. ते पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध झाले. ते आत असतानाच ग्लॅडस्टन सरकारने १८८१ चा जमीन कायदा केला. वाजवी खंड न्यायालयाने ठरवायचा, खंड भरणाऱ्याला काढायचे नाही, कुळाला आपला हक्क विकता यायचा. चळवळीने अवघ्या दोन वर्षांत हे मिळवले. फेब्रुवारी १८८२ मध्ये मीथच्या मतदारांनी कैदी डेव्हिट यांना संसदेवर निवडून दिले, पण ते शिक्षा भोगत असल्याने निवड रद्द ठरली. ६ मे १८८२ रोजी ते सुटले. त्याच संध्याकाळी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दोन वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांचा खून झाला. एकेकाळी शस्त्रे आणणाऱ्या या माणसाने त्या खुनांचा स्पष्ट निषेध केला.

यानंतर त्यांचे आणि पार्नेलचे सूर जुळेनात. डेव्हिट म्हणू लागले की जमीन जमीनदाराकडून काढून कुळाच्या मालकीची करणे पुरेसे नाही; जमीन सर्व समाजाची असावी. शेतमजुराचे काय, शहरातल्या गरिबाचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. यात तत्त्वज्ञानाचा मुद्दा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी खाजगी मालकीला मान्यता दिली, पण वस्तूंचा उपयोग सर्वांच्या गरजेसाठी हवा असेही सांगितले. डेव्हिट पहिल्या भागाबाबत घसरले आणि दुसऱ्या भागाबाबत पुष्कळांपेक्षा जागे होते, असे आमचे मत. शेतकऱ्याला मात्र हे पटले नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्या माणसाला स्वतःच्या नावावरचा सातबारा हवा असतो. त्याला सरकार नावाचा नवा जमीनदार कशाला? डेव्हिट यांना ही गोष्ट शेवटपर्यंत पुरती उमगली नाही असे वाटते.

याच काळात त्यांनी पार्नेल यांना सुचवले की आयर्लंडच्या एखाद्या मतदारसंघातून मुंबईच्या दादाभाई नौरोजींना संसदेत पाठवावे, म्हणजे हिंदुस्थानचा आवाज तिथे उठेल. पार्नेल तयार झाले नाहीत. दादाभाई पुढे १८९२ साली लंडनच्या मतदारसंघातून निवडून आले. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष मात्र आल्फ्रेड वेब हे आयरिश खासदार होते.

एप्रिल १८८८ मध्ये रोमहून आलेल्या आदेशाने आयर्लंडमधील खंडबंदीची मोहीम आणि बहिष्कार या दोन्हींचा निषेध केला. आयर्लंडच्या कॅथलिक पुढाऱ्यांनी, डेव्हिट त्यांत होतेच, श्रद्धेच्या विषयांत रोमचे ऐकू, राजकारणाच्या विषयांत नाही, अशी भूमिका घेतली. कित्येक बिशपांचीही पंचाईत झाली. बहिष्काराच्या नावाखाली काही ठिकाणी दहशत चालत होती हे खरे आहे, आणि रोमला तेच दिसले. स्विनफर्डचा गरीबखाना तिथून दिसला नसावा.

१८९० साली पार्नेल यांचे एका विवाहित स्त्रीशी असलेले संबंध न्यायालयात उघड झाले. त्यांनी बाजूला व्हावे अशी जाहीर मागणी करणाऱ्यांत डेव्हिट अगदी पहिले होते. पक्ष फुटला, घरोघरी भांडणे झाली. पुढच्याच वर्षी पार्नेल वारले, तरी भांडण मिटले नाही. जुलै १८९२ च्या निवडणुकीत डेव्हिट उत्तर मीथमध्ये पार्नेलच्या अनुयायाविरुद्ध उभे राहिले. मीथचे बिशप थॉमस नल्टी हे गरिबांचे खरे मित्र; जमीन ही देवाने सर्वांसाठी दिलेली आहे असे त्यांनी १८८१ मध्येच जाहीरपणे लिहिले होते. मतदानाच्या थोडेच दिवस आधी त्यांचे मेषपालीय पत्र चर्चमधून वाचले गेले. पार्नेलच्या पक्षाला पाठिंबा देणे कॅथलिक माणसाला शक्य नाही, असा त्याचा रोख होता. काही धर्मगुरू तर मतदान केंद्रापर्यंत गेले.

डेव्हिट जिंकले. विरोधकांनी अर्ज केला, सुनावणी झाली, आणि धर्मगुरूंनी मतदारांवर गैरवाजवी दडपण आणले या कारणावरून निवडणूक रद्द झाली. खटल्याच्या खर्चात डेव्हिट दिवाळखोर झाले. १८९३ साली ईशान्य कॉर्कमधून ते बिनविरोध निवडून आले होते, पण दिवाळखोरीमुळे तीही जागा सोडावी लागली. बिशपांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना उमेदवार योग्य वाटला आणि बहुधा तो योग्यच होता. पण चर्चमध्ये पत्र ऐकणारा शेतकरी मत देताना देवाला घाबरला की उमेदवाराला पसंत केले, हे त्यानंतर कुणालाच सांगता येईना, खुद्द डेव्हिट यांनाही नाही. त्या मताची किंमतच गेली. मीथमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि त्याच पक्षाचा दुसरा उमेदवार निवडून आला. मग हे सारे कशासाठी केले?

१८९५ मध्ये ते ऑस्ट्रेलियात व्याख्याने देत असताना दक्षिण मेयोने त्यांना निवडून दिले. चार वर्षे त्यांनी संसदेत विशेषतः कैद्यांच्या हालांविषयी आवाज उठवला, तो त्यांच्याइतका अधिकाराने दुसरे कोण उठवणार? ऑक्टोबर १८९९ मध्ये बोअर युद्धाच्या निषेधार्थ राजीनामा देऊन ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे बोअर शेतकरी त्यांना दिसले, त्या शेतकऱ्यांच्या रानात राबणारे काळे लोक मात्र फारसे दिसले नाहीत. मोठ्या माणसांच्याही नजरेला अशा मर्यादा असतात.

१९०३ साली रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात ईस्टरच्या दिवसांत ख्रिस्ती जमावाने सुमारे ५० यहुदी मारले. डेव्हिट स्वतः तिथे गेले, घरोघरी चौकशी केली, पुस्तक लिहिले. परतून काही महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १९०४ मध्ये, त्यांच्याच देशात लिमरिक शहरी फादर जॉन क्रे या रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंनी प्रवचनातून यहुदी व्यापाऱ्यांवर आग ओकली आणि लोकांना त्यांच्याशी व्यवहार तोडायला सांगितले. लिमरिकमध्ये यहुदी होते सुमारे दीडशे. त्यांना मारहाण झाली, उधारीचे पैसे बुडाले, काही कुटुंबे गाव सोडून गेली.

फादर क्रे यांचे हत्यार कोणते होते? बहिष्कार. डेव्हिट यांच्या चळवळीने घडवलेले. जे बलाढ्य जमीनदाराविरुद्ध दुबळ्यांनी वापरले तेच आता बहुसंख्य लोक मूठभर परक्यांवर चालवत होते, आणि तेही देवाच्या नावाने. डेव्हिट यांनी लगेच वृत्तपत्रात पत्र लिहून निषेध केला. किशिनेव्हला काय घडते हे ते नुकतेच डोळ्यांनी पाहून आले होते. एका धर्मगुरूला जाहीरपणे खोडून काढणे त्या काळच्या आयर्लंडमध्ये कुणालाही सोपे नव्हते, आणि ज्याला मेयोतील मते हवी असत त्याला तर नव्हतेच. आमच्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या आयुष्यातील हे एक पत्र लँड लीगइतकेच मोलाचे आहे.

१९०३ च्या कायद्याने कुळांना सरकारी कर्जावर जमिनी विकत घेण्याचा मार्ग खुला झाला. जमीनदारांना फार पैसे मिळतात म्हणून डेव्हिट यांचा त्याला विरोध होता, पण पुढच्या काही वर्षांत आयर्लंडमधील बहुतेक कुळे मालक झाली. अखेरच्या वर्षी शाळा कुणाच्या ताब्यात असाव्यात यावरून लिमरिकच्या बिशपांशी त्यांचा वाद सुरू होता. दाढ काढल्यानंतर रक्तात विष पसरून ३० मे १९०६ रोजी डब्लिनच्या एका रुग्णालयात ते वारले. वय ६०. मृत्युपत्रात त्यांनी शत्रूंना क्षमा केली होती आणि मिरवणूक नको, स्ट्रेडला पुरा, असे लिहिले होते.

त्यांचे शव क्लॅरेंडन स्ट्रीटवरील कार्मेलाइट संन्याशांच्या चर्चमध्ये ठेवले गेले. १८७८ साली त्यांच्या एका फेनियन सहकैद्याचे शव घ्यायला इतर चर्च तयार नसताना याच संन्याशांनी दार उघडले होते, आणि ती आठवण डेव्हिट यांनी ठेवली होती. कुणी बोलावले नसताना हजारो लोक रांगेने दर्शन घेऊन गेले. मग आगगाडीने फॉक्सफर्डपर्यंत आणि पुढे रस्त्याने स्ट्रेडला नेऊन, पडक्या मठाच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. जवळच ज्या जुन्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथे आता त्यांचे संग्रहालय आहे. आपल्या धर्मग्रामातील कुणी नोकरीनिमित्त आयर्लंडला असेल तर एखाद्या सुट्टीत तिकडे जरूर जावे, आणि कबरीजवळ त्यांच्या आईसाठीही एक प्रार्थना म्हणावी.